क्वेबेक की मॉन्ट्रियल? एकच शहर पाहायचं असेल तर

टोरोंटोला मुलांकडे आलेल्या आई-वडिलांच्या हाती पूर्वेकडे फिरायला बहुधा दोनच दिवस असतात. फ्रेंचांनी वसवलेला मुलूख इंग्रजांकडे गेल्यावर तिथल्या जमिनीचं, पैशाचं आणि माणसांचं काय झालं, हे ज्यांना मनापासून समजून घ्यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दोन शहरांत अंतर सुमारे २५० किलोमीटर.

क्वेबेक १६०८ सालचं. तटबंदी आहे, जुन्या गल्ल्या आहेत, आणि १३ सप्टेंबर १७५९ ची लढाई झाली ते अब्राहमचं पठारही. इंग्रजांचा वुल्फ आणि फ्रेंचांचा मोंकाम हे दोन्ही सेनापती त्या लढाईतल्या जखमांनी गेले. दोघांचं मिळून एकच स्मारक आहे, ते जरूर बघा.

पण माझं मन रमलं जवळच्या ऑर्लियाँ बेटावर. शेतं म्हणजे लांबच लांब, अरुंद पट्ट्या, नदीकडे उतरत गेलेल्या. वाटणी उभी व्हायची, म्हणजे प्रत्येक भावाला नदीकाठ मिळे. विहिरीच्या पाळ्यांवरून झालेली भांडणं पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. शेतकरी सेन्यॉरचं, म्हणजे जमीनदाराचं कूळ. खंड द्यायचा, दळण त्याच्याच गिरणीत न्यायचं आणि दळणाचा चौदावा हिस्सा तिथेच ठेवायचा. जमीन विकली गेली तर किमतीचा बारावा हिस्सा त्याचा. इंग्रज आले तरी हे मोडलं नाही. १७७४ च्या क्वेबेक कायद्यानं फ्रेंच दिवाणी कायदा आणि कॅथलिक धर्म, दोन्ही राखले.

मॉन्ट्रियलला प्लास दार्म चौकात उभे राहा. एका बाजूला नोत्र दाम चर्च, त्याला लागून सुल्पिशियन पाद्र्यांचा जुना मठ, समोर बँक ऑफ मॉन्ट्रियलची खांबांची इमारत. बँक १८१७ ची, इंग्रजी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांनी काढलेली. मठातले पाद्री मात्र अख्ख्या मॉन्ट्रियल बेटाचे सेन्यॉर! शहरातली जागा विकली की तोच बारावा हिस्सा मठाकडे जायचा, आणि व्यापाऱ्यांना तो फार सलायचा. १८४० मध्ये एकरकमी पैसे भरून यातून सुटायची सोय झाली, १८५४ मध्ये सेन्यॉरीची पद्धतच बंद झाली.

तिथून लाशिन कालव्यावर जा. तो १८२५ मध्ये खुला झाला, खोदला बहुतांशी आयरिश मजुरांनी. पुढे त्याच्या काठी गिरण्या-कारखाने आले आणि वाटण्या होऊन जमीन पुरेनाशी झालेल्या घरांतली फ्रेंच पोरं तिथे मजुरीला लागली. १८३० च्या दशकात तर शहरात इंग्रजी बोलणारेच जास्त होते, हे आज तिथली फ्रेंच ऐकताना खरं वाटत नाही.

एकच शहर जमणार असेल तर मी मॉन्ट्रियल सांगेन. जमीनदार, धर्म आणि भांडवल एका चौकात इतकं समोरासमोर मी दुसरीकडे पाहिलं नाही. पायी फिरणंही सोपं. क्वेबेकचे चढ गुडघ्यांना भारी पडतात. शेतीत वाढलेले असाल आणि हाताशी गाडी असेल, तर मात्र क्वेबेकच निवडा, आणि तटबंदीवर अर्धाच दिवस घालवून उरलेला ऑर्लियाँ बेटाला द्या.