सिंकखालचे पाइप आणि नव्या ट्रॉल्या: कडप्पा, सुतार की फॅक्टरीचं मॉड्युलर?

जुन्या फ्लॅटचं स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी शटरच्या रंगावर चर्चा रंगते. माझं ऐकाल तर आधी टॉर्च घेऊन सिंकखाली वाका. सांडपाण्याचा पाइप भिंतीत जातो की जमिनीतल्या जाळीत? कोपऱ्यातून वरच्या मजल्याचा पाइप खाली उतरलाय का? अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद करायचे छोटे नळ, किती पुढे आलेत? गॅसची लाइन कुठून फिरते? कुणाकडून काम करून घ्यायचं हे या उत्तरांवर ठरतं.

आपल्याकडे बिल्डरने दिलेला ग्रॅनाइटचा ओटा बहुधा कडप्प्याच्या उभ्या फरशांवर उभा असतो. तो तसाच ठेवून कप्प्यांच्या मापाच्या स्टीलच्या ट्रॉल्या आणि शटर बसवणं हा सर्वांत स्वस्त मार्ग. कप्पे कधीच सारखे नसतात, एक 19 इंच तर शेजारचा 22. पण ट्रॉलीवाला प्रत्येकाचं माप घेऊनच बनवतो, त्यामुळे अडत नाही. कडप्पा पाण्याने फुगत नाही, ही याची खरी ताकद. उणीव एवढीच की फरशा हलवता येत नाहीत. मोठा ड्रॉवर हवा असेल आणि मध्ये फरशी आली, तर तो विषय तिथेच संपतो.

सुतार जागेवर प्लाय कापतो, म्हणून वाकड्यातिकड्या पाइपांशी त्याचं चांगलं जमतं. भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसली तरी तो रंधा मारून जुळवून घेतो. धूळ होते, दिवस जातात आणि सगळी भिस्त त्या एका माणसाच्या हातावर असते. प्लायवर आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का आहे ना, ते शीट कापण्याआधी स्वतः बघा. कापल्यावर काही कळत नाही.

फॅक्टरीच्या मॉड्युलरची सफाई मात्र सुताराला सहसा साधत नाही. ड्रॉवर अलगद मिटतात, कडा एकसारख्या असतात. पण खोके ठरावीक रुंदीचे: 45, 60, 90 सेंमी. पाइपमुळे आठ सेंमी उरले की तिथे फिलर पट्टी लागते आणि ती जागा वाया जाते.

आमच्या घरी मॉड्युलरच होतं. बसवायला आलेल्या मुलांनी सिंकखालच्या पार्टिकल बोर्डाला पाइपसाठी भोक पाडलं आणि कापलेली कड तशीच उघडी ठेवली. सिंकच्या कपलिंगमधून थेंब-थेंब पाणी पडत होतं, पुढे भांडी असल्याने ते दिसलंच नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तळाचा बोर्ड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगला, बोट लावलं की भुगा हातात यायचा. तो कप्पा साफ करताना आईला दम्याचा त्रास झाला, ते मला अजून लागून राहिलंय.

म्हणून सिंकच्या कप्प्याबाबत मी कुठलीही तडजोड करणार नाही. तिथे कडप्पा असेल तर तो हलवू नका. नसेल तर पीव्हीसी बोर्डाचं खोकं घ्या. पाठीमागची फळी नकोच, आणि लावलीच तर चार स्क्रूंवर निघणारी हवी. प्लायला भोक पाडलं तर कडेला सिलिकॉन भरून घ्या. ड्रॉवर हवाच असेल तर ट्रॅपभोवती (सिंकखालच्या वाकड्या पाइपभोवती) इंग्रजी यू अक्षरासारखी खाच असलेला घ्या, आणि तो पूर्ण बाहेर काढल्याशिवाय हात अँगल कॉकपर्यंत पोचतो का, हे करून बघा. रात्री पाणी उसळलं तर ड्रॉवरचे चॅनेल सोडवत बसायला वेळ नसतो.

गॅसचंही लक्षात असू द्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. पाइपचा गॅस हलका, तो वर चढतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला हवा जायला तळाशी जागा हवी आणि पाइपलाइनच्या कप्प्याला वर. जाळीचं शटर लावलं की दोन्ही साधतं. मीटरचा व्हॉल्व्ह कुठल्याही खोक्यामागे जाता कामा नये.

डिशवॉशर घ्यायचा विचार असेल तर ओटा मोजा. मोठं मशीन 60 सेंमी रुंद आणि साधारण 85 सेंमी उंच असतं. 32 इंची ओटा म्हणजे 81 सेंमी, त्यातून दगडाची जाडी वजा करा. मशीन खाली जाणार नाही, मग ड्राय बाल्कनी बघावी लागते. बसत असेल तर प्लग मशीनच्या मागे न घेता शेजारच्या कप्प्यात घ्या.

माझी निवड मिश्र आहे. सिंक आणि गॅसची बाजू कडप्प्यावर किंवा सुताराकडून, पाइप नसलेली सरळ भिंत मॉड्युलरची. दोन्हीकडचं लॅमिनेट एकाच नंबरचं घेतलं की फरक जाणवत नाही. ओटा तोडूनच काम करायचं असेल आणि प्लंबर पाइप भिंतीत घेऊन देणार असेल, तर सगळं मॉड्युलर करायला हरकत नाही.

कुणालाही काम द्या, पण खोकी येण्याआधी प्लंबरला बोलवा. जुने अँगल कॉक आणि वेस्ट पाइप बदलून सिंक काठोकाठ भरा, एकदम सोडा आणि खाली जुना पेपर अंथरून अर्धा तास वाट बघा. पेपर कोरडा राहिला तरच सुताराला तारीख द्या.