क्रूझ जहाजावर बुफेतली नोकरी: एक पूर्ण करार संपल्यानंतरचे मत

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून, हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेऊन, मी मायामीहून सुटणाऱ्या एका मोठ्या क्रूझ जहाजावर बुफे विभागात साहाय्यक म्हणून रुजू झालो, आणि करार पूर्ण करून आता गावी परतलो आहे. या नोकरीबद्दल आमच्या भागात जी माहिती फिरते ती बहुतेक एजंटांच्या जाहिरातींतली किंवा प्रवाशांनी काढलेल्या व्हिडिओंमधली असते, आणि दोन्हींत समुद्र भरपूर दिसतो. बुफेच्या मोठ्या काचांमधून तो आम्हालाही दिवसभर दिसत असे, पण उष्ट्या ताटांची चळत हातात असताना त्याच्याकडे पाहायला सवड नसे. या नोकरीचे बरेवाईट माझ्या मते एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे झोप.

जहाजावरील कामगारांसाठी २००६ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, ज्याला सगळे एमएलसी म्हणतात, कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळावी लागते. ही १० तासांची विश्रांती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत विभागता येत नाही आणि त्यातला एक तुकडा किमान ६ तासांचा असावा लागतो. वाचताना हे पुरेसे वाटते. मात्र त्या ६ तासांतच केबिनपर्यंत जाणे, आंघोळ करणे, कपडे धुणे आणि घरी फोन लावणे हे सारे उरकायचे असते, शिवाय आठवड्याची सुटी करार संपेपर्यंत मिळत नाही. दुपारी दोनेक तासांची मोकळीक मिळाली की बंदरावर उतरावे की झोपावे हा प्रश्न रोजचा असतो, आणि पहिला महिना सरल्यावर बहुतेक जण झोपच निवडतात. जहाज पश्चिमेकडे जाताना घड्याळ एक तास मागे घेतात, त्या रात्री क्रू मेसमध्ये सणासारखा आनंद असतो. परतताना तोच तास काढून घेतला जातो.

केबिन खालच्या डेकवर, बिनखिडकीची आणि दोघांची होती. एकावर एक दोन बिछाने, प्रत्येकाला पडदा, एक अरुंद कपाट आणि कोपऱ्यात न्हाणीघर. दिवा मालवला की दिवस आहे की रात्र हे कळत नाही, हा झोपेच्या दृष्टीने फायदाच आहे. जहाजाचे स्टॅबिलायझर, म्हणजे पाण्याखाली दोन्ही बाजूंना पसरणारे पंख, आडवे डोलणे बरेच कमी करतात, परंतु नाकाकडून शेपटीकडे होणारी वरखाली हालचाल त्यांनी थांबत नाही; आमची केबिन पुढच्या टोकाकडे असल्यामुळे ती पुरेपूर जाणवत असे. मळमळ सुरुवातीला झाली, मग शरीराला सवय झाली. त्यापेक्षा चोवीस तास चालणाऱ्या एसीचा त्रास मला जास्त झाला. वैशाखात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या माणसाला थंडगार कोरड्या हवेने महिनाभर खोकला लागावा, यावर घरच्यांचा विश्वास बसला नाही.

कामाचा मोठा भाग वाढण्याचा नव्हे, तर स्वच्छतेचा आहे, आणि या बाबतीत जहाजाला मी पैकीच्या पैकी गुण देतो. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या क्रूझ जहाजांची तिथले आरोग्य खाते न कळवता तपासणी करते. १०० पैकी ८६ किंवा अधिक गुण मिळाले तरच जहाज उत्तीर्ण ठरते. गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवायचे, तापमान नोंदवत राहायचे, आणि पृष्ठभाग पुसायला तीन बादल्या वापरायच्या: धुण्याची लाल, खळबळण्याची राखाडी आणि जंतुनाशकाची पांढरी. सुरुवातीला हा सोपस्कार अति वाटतो. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसची साथ आली की त्याचे कारण समजते. हा विषाणू हातावर चोळायच्या सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही, साबणपाण्यानेच हात धुवावे लागतात, आणि साथ असेपर्यंत बुफेत प्रवाशांना चमच्याला हात लावू देत नाहीत, सगळे आम्हीच वाढतो. अर्थात त्या दिवसांत काम दुप्पट होते आणि झोप आणखी आकसते. कचऱ्याचीही अशीच शिस्त आहे. कॅरिबियनमध्ये खरकटे यंत्रात बारीक करून किनाऱ्यापासून किमान १२ सागरी मैल दूर गेल्यावरच सोडता येते, प्लॅस्टिक मात्र जगात कुठल्याच समुद्रात टाकता येत नाही. त्यामुळे ताटातली एक स्ट्रॉ चुकीच्या डब्यात गेली तरी सुपरवायझर सर्वांसमोर बोलतो.

प्रवासी जहाजांवर आग लागण्याचा आणि जहाज सोडण्याचा सराव दर आठवड्याला होतो. सात लहान आणि एक लांब भोंगा झाला की नेमलेल्या जागी जावे लागते, भले तुम्ही रात्रपाळी करून नुकतेच आडवे झालेले असा. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाले तेव्हा नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांचा असा सराव झालेला नव्हता; आता तो जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावा लागतो. या सरावाबद्दल माझी तक्रार नाही, वेळेबद्दल आहे.

बंदरांचे सांगायचे तर मेक्सिकोतले कोझुमेल आणि बहामातले नासाऊ ही ठिकाणे मी पाहिली, पण तुकड्या-तुकड्यांनी. आणीबाणीसाठी ठरावीक कर्मचारी जहाजावर थांबावेच लागतात, आणि ती पाळी आळीपाळीने सगळ्यांवर येते. क्रू मेसमध्ये भात आणि डाळ रोज मिळते, ज्वारीची भाकर विसरावी. जवसाच्या चटणीचे सीलबंद पाकीट सोबत असले तर निभावते. केबिनमध्ये किटली, इस्त्री आणि उदबत्ती यांना आगीच्या भीतीने बंदी आहे. वायफाय विकत घ्यावे लागते. उन्हाळ्यात तिथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात, त्यामुळे पाळी लवकर सुटली तरच बाबा शेतात निघण्यापूर्वी बोलणे व्हायचे.

पैशाबाबत समाधान आहे, कारण राहणे-जेवणे फुकट असल्याने पगार जवळपास पूर्ण शिल्लक पडतो. दोन करारांमधल्या सुटीचा पगार मात्र नसतो, हे हिशेबात धरावे. जाण्यापूर्वी एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावर काम करायला लागणाऱ्या सुरक्षा प्रशिक्षणाचे, मूलभूत अभ्यासक्रम स्वखर्चाने करावे लागतात. त्यात जीवरक्षक जाकीट घालून तरणतलावात उडी मारावी लागते, आणि विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाला ती अवघड जात नाही. पासपोर्ट, सीडीसी (जहाजावरच्या नोकरीची नोंदपुस्तिका) आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्चही आपला असू शकतो. परंतु नोकरी लावून देण्याबद्दल कर्मचाऱ्याकडून शुल्क घेण्यास एमएलसीनुसार मनाई आहे, आणि करार संपल्यावर घरी परतण्याचे तिकीट मालकाने द्यायचे असते. माझ्याकडेही एका एजंटाने दोन एकर कापसाच्या उत्पन्नाएवढी रक्कम मागितली होती. मी नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर त्याचा आरपीएसएल, म्हणजे जहाजांसाठी माणसे भरती करण्याचा सरकारी परवाना शोधला, तो सापडला नाही, आणि मी दुसरीकडे अर्ज केला. ही तपासणी मोबाइलवर होते, त्यासाठी नागपूरला जावे लागत नाही.

ज्यांना पाठदुखी आहे किंवा ज्यांची झोप मुळातच हलकी आहे, त्यांना मी बुफे विभाग सुचवणार नाही. पुढच्या करारासाठी मी स्वतः मुख्य भोजनगृह मागितले आहे. तिथे टिप अधिक मिळते हे खरे, पण तिथे काम करणारे सांगतात की जहाज बंदरात असते त्या दिवशी दुपार बहुतेक मोकळी मिळते, आणि मला पैशातल्या फरकापेक्षा ती दुपार महत्त्वाची वाटते.