अंतराला पैकीच्या पैकी, वेळेला काठावर पास

दोन विमानतळांची नावं टाकली की हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारं एक ॲप मी नोव्हेंबरपासून वापरतोय. राहायला नॉर्वेच्या उत्तरेला, ट्रॉम्सोत. आणि कामानिमित्त महिना-दीड महिन्यानं स्वालबार्ड बेटांवर, लाँगयिअरब्येनला फेरी.

पहिल्यांदा वाटलं, ॲप गंडलंय. अंतर सुमारे ९६० किलोमीटर, वेळ १ तास ४२ मिनिटं. सपाट नकाशावर ही रेघ मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट दिसते हो! पण खरं मुंबई-दिल्ली अंतर साधारण ११४० किलोमीटर, म्हणजे हिच्याहून जास्तच. खोटं बोलतो तो नकाशा. ध्रुवाकडे जावं तसं तो सगळं ताणत नेतो, आणि लाँगयिअरब्येन ७८ अंश उत्तरेला. ॲप गोलावरून मोजतं. अंतराबद्दल आजवर एक तक्रार नाही.

वेळेचा हिशेब मात्र ढोबळ. ताशी ८०० किलोमीटरनं भागायचं, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास टाकायचा. या मार्गावर उत्तर जुळतं, पण तो नुसता हवेतला वेळ. स्वालबार्ड नॉर्वेचंच, तरी शेंगेनबाहेर (म्हणजे युरोपातल्या आपापसात पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटाबाहेर). त्यामुळे ट्रॉम्सोला पासपोर्टची रांग. (भारतीय पासपोर्टवाल्यांनो, एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर परतताना अडकाल.) घराचं दार ओढल्यापासून मी सरळ साडेचार तास धरतो. घड्याळ तेवढं बदलावं लागत नाही.

गंमत म्हणजे हिवाळ्यात फारसं अडलं नाही. तिथे ऑक्टोबरअखेर गेलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही, पण दिव्यांच्या उजेडात विमान निमूट उतरतं. दगा दिला जुलैनं. मध्यरात्रीही ऊन असायचे दिवस, आणि धावपट्टीवर समुद्राकडून आलेलं धुकं. वरच्या वर घिरट्या घातल्या आणि माघारी फिरलो. साडेतीन तास हवेत काढून पुन्हा ट्रॉम्सोतच. ॲपच्या लेखी अंतर शून्य.

दुसरी परीक्षा न्यू-ऑलेसुंडची, स्वालबार्डवरच्याच संशोधन-वस्तीची. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून तिथेच आहे. चालवतं ते आपल्या गोव्यातल्या वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र. लाँगयिअरब्येनहून अंतर ११० किलोमीटर, रस्ता नाही. ॲप म्हणतं ३८ मिनिटं. छोटं डॉर्निअर विमान २५ मिनिटांच्या आसपास पोचवतं. म्हणजे पंख्याचं विमान ॲपच्या ताशी ८०० वाल्या जेटला हरवतं! कारण तोच चिकटवलेला अर्धा तास. लांबच्या पल्ल्यात तो खपून जातो, इथे उघडा पडतो. (हेच डॉर्निअर २२८ आपल्याकडे कानपूरलाही बनतं.)

विमानाचा प्रकार निवडायची सोय दिली तर पैसे भरायला तयार आहे. तोवर फुकटातलंच वापरतोय. पाचपैकी साडेतीन.