एम-थ्रीसाठी क्लास लावायचा, एनपीटीईएल बघायचं की कॉलेजच्याच सरांकडे जायचं?

सेकंड इयर सुरू झालं की ज्युनियर मंडळींचा पहिला प्रश्न हाच असतो, एम-थ्रीला, म्हणजे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-थ्रीला, क्लास लावू का. मी पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नचा, मेकॅनिकलवाला, आणि क्लास, एनपीटीईएल (आयआयटी-आयआयएससीचे ऑनलाइन कोर्स) आणि कॉलेजचे सर, तिन्ही गोष्टी करून बघितल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सिलॅबस तुम्हाला माहितीच आहे. आमच्या पॅटर्नला इनसेमचे (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) ३० मार्क पहिल्या दोन युनिटवर होते, म्हणजे एलडीई (लिनियर डिफरन्शियल इक्वेशन्स) आणि ट्रान्सफॉर्म्स, आणि एंडसेमचे (शेवटची परीक्षा) ७० उरलेल्या चारवर. नव्या पॅटर्नवाल्यांनी आपली विभागणी बघून घ्या.

आधी क्लास. क्लासला उगाच नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. कुठल्या युनिटवर कसला प्रश्न फिरून फिरून येतो हे क्लासवाल्या सरांना जितकं पाठ असतं तितकं कोणाला नसतं, नोट्स नीट टाईप केलेल्या मिळतात, आणि घरी पुस्तक उघडलं जात नसेल तर क्लासमुळे निदान आठवड्यातून काही तास तरी मॅथ्स होतंच. एंडसेमच्या आधीची रिव्हिजन बॅच तर खरंच कामाची असते. फी काही हजारांत जाते आणि आंबेगाव-कात्रजकडे राहून डेक्कनला क्लास लावला तर संध्याकाळ बसमध्येच जाते, पण ते सगळं चाललं असतं.

मला जे खटकलं ते वेगळंच होतं. एलडीईमध्ये पीआय (पर्टिक्युलर इंटिग्रल, म्हणजे उजव्या बाजूमुळे येणारा उत्तराचा भाग) काढायची शॉर्टकट मेथड असते ना, त्यात केस ऑफ फेल्युअर येते, खाली झिरो आला की एक्सने गुणायचं आणि डिनॉमिनेटर डिफरन्शिएट करायचं. नियम म्हणून हे सगळे लिहून घेतात. मग डी स्क्वेअर मायनस फोर डी प्लस फोर (डी म्हणजे डी बाय डीएक्स) आणि उजवीकडे ई रेज टू टू एक्स असं गणित आलं की एकदा डिफरन्शिएट करून टू डी मायनस फोर येतं आणि डीच्या जागी टू टाकला की परत झिरोच. इथे मी अडलो होतो. वही घेऊन क्लास सुटल्यावर पुढे गेलो तर सर म्हणाले नोट्समध्ये सॉल्व्ह केलंय बघ, आणि पुढची बॅच आत यायला लागली. नोट्समध्ये उत्तर होतंच, एक्स स्क्वेअर बाय टू इन्टू ई रेज टू टू एक्स, पण माझ्या पानावरची नेमकी कुठली ओळ अडली होती ते कोणी बघितलंच नाही. आणि हे एका दिवसापुरतं नव्हतं, पूर्ण सेमिस्टर क्लासमध्ये मी फक्त फळ्यावरचं उतरवत होतो, मी स्वतः सोडवलेलं एकही गणित कोणाच्या नजरेखालून गेलं नाही. बॅच एवढी मोठी असली की सरांना तरी कसं जमणार म्हणा. पण मॅथ्सला मदत हवी म्हणजे कोणीतरी माझं पान बघावं, मला तरी हेच हवं होतं.

एनपीटीईएलचं शिकवणं क्लासपेक्षा वरचं आहे, यात मला शंका नाही. आयआयटी आणि आयआयएससीचे प्राध्यापक शिकवतात, व्हिडिओ फुकट, स्वयम या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवायलाही पैसे नाहीत, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी, ती हजार रुपये होती. कर्ल आणि डायव्हर्जन्स हे फक्त डिटरमिनंट आणि डॉट प्रॉडक्ट नाहीत, त्यांना काही अर्थ आहे, हे मला तिथेच कळलं. दर आठवड्याला असाइनमेंट असते आणि शेवटच्या स्कोअरमध्ये तिला २५ टक्के वजन असतं, बाकी ७५ परीक्षेला, त्यामुळे आळस करता येत नाही. बऱ्याच कोर्सेसचे ट्रान्सक्रिप्ट मराठीतही आहेत, मराठी मीडियममधून आलेल्यांनी जरूर बघा. अडचण अशी की आपलं एम-थ्री एका कोर्समध्ये सापडत नाही. डिफरन्शियल इक्वेशन्सचा कोर्स वेगळा, ट्रान्सफॉर्म्सचा वेगळा, प्रोबॅबिलिटीचा वेगळा, आणि त्यांचं १२ आठवड्यांचं गणित आपल्या इनसेमच्या तारखेशी जुळतंच असं नाही. असाइनमेंट बहुतेक वेळा ऑप्शनवाली, म्हणजे चुकलं एवढं कळतं, कुठे चुकलं ते परत आपणच शोधायचं. समज वाढवायला एक नंबर, पण त्याच्यावरच पेपर काढायचा म्हणजे स्वतःवर बराच ताबा हवा.

आता तिसरा पर्याय, ज्याला कोणी पर्यायच समजत नाही. आपल्याच कॉलेजचे मॅथ्सचे सर किंवा मॅडम. यात पहिली अडचण अशी की मॅथ्सचा स्टाफ बहुतेक कॉलेजमध्ये फर्स्ट इयरच्या डिपार्टमेंटला बसतो, आपण सेकंड इयरला ब्रँचच्या बिल्डिंगमध्ये गेलो की ते कुठे बसतात हेही विसरतो. आपले जीएफएम (आपल्या गटाला नेमून दिलेले गार्डियन शिक्षक) असतात त्यांना विचारलं तर ते सांगतात कोणाकडे आणि कधी जायचं, निदान माझ्या तरी जीएफएमनी सांगितलं. मी तेच अडलेलं गणित घेऊन गेलो. मॅडमनी वही स्वतःकडे ओढली, वरून खाली वाचत आल्या, सीएफच्या (कॉम्प्लिमेंटरी फंक्शन, म्हणजे उजवी बाजू झिरो धरून येणारं उत्तर) ओळीवर पेन ठेवला आणि विचारलं की ई रेज टू टू एक्स आणि एक्स ई रेज टू टू एक्स दोन्ही इथे आधीच आलेत, मग पीआयला नवीन काय उरलं? तेव्हा कळलं की एक्स स्क्वेअर का येतो, आणि तो नियम मला परत कधी पाठ करावा लागला नाही.

अजून एक गोष्ट फारसं कोणी बोलत नाही. विद्यापीठाचे पेपर तपासायला कॅप सेंटरला (पेपर तपासणी केंद्राला) हेच लोक जातात. उत्तर चुकलं तरी कुठल्या स्टेपला मार्क मिळतात, कुठली स्टेप गाळली की कापतात, हे त्यांनी शेकड्याने पेपर बघून माहिती करून घेतलेलं असतं. आणि टाइमटेबलमध्ये ट्युटोरियलचा तास असतो तो खरं तर याच कामासाठी असतो, पण आपण तो टर्मवर्कची फाईल एकमेकांचं बघून पूर्ण करण्यात घालवतो. त्या तासाला स्वतः सोडवून बसलात तर सर बाकांमधून फिरताना आपोआप तुमची वही बघतात.

अर्थात हे कॉलेजवर अवलंबून आहे. काही ठिकाणी मॅथ्सचा स्टाफ कॉन्ट्रॅक्टवर असतो आणि मध्येच बदलतो, काहींवर लोड इतका असतो की मधल्या सुट्टीतही ते रिकामे सापडत नाहीत. आणि डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्यांना मी क्लास लावू नका असं अजिबात म्हणणार नाही. ॲडमिशन होईपर्यंत लेक्चर्स बरीच पुढे गेलेली असतात, एम-वन एम-टू झालेलं नसतं, इंटिग्रेशनच कच्चं असेल तर सरांकडे घेऊन जायला अर्धं सुटलेलं गणितही तयार होत नाही. त्यांच्यासाठी सुरुवातीचे दोन-तीन महिने क्लास बरा. बाकीच्यांनी मात्र इनसेमपर्यंत तरी कॉलेजमध्येच विचारून बघावं असं मला वाटतं, वाटलंच तर जोडीला एनपीटीईएलचे निवडक व्हिडिओ.

जाताना कोरी वही घेऊन जाऊ नका, हे युनिट समजलं नाही असं म्हटलं की समोरच्यालाही सुरुवात कुठून करावी कळत नाही. जिथपर्यंत आलं तिथपर्यंत सोडवलेलं पान न्या, चुकीचं असलं तरी. इनसेमच्या आदल्या आठवड्यात रांग असते, त्याच्या आधी जा. आणि तरीही क्लासच लावायचा ठरला तर फी भरायच्या आधी डेमोला असंच एक अडलेलं पान घेऊन जा आणि लेक्चर संपल्यावर सरांसमोर ठेवा. सरांनी ते वाचलं तर खुशाल लावा.