ऑक्युपेशनल थेरपी: एकत्रित बॅचलर-मास्टर घ्यावं की टप्प्याटप्प्यानं शिकावं?

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आजार, दुखापत किंवा अपंगत्व असतानाही रोजची कामं जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार. तिच्या एकत्रित अभ्यासक्रमाची जाहिरात एका ओळीत संपते: एकच प्रवेश, साधारण पाच ते सहा वर्षं, शेवटी बॅचलर आणि मास्टर दोन्ही. बहुतेकांचा निर्णयही त्याच ओळीवर होतो. एक वर्ष वाचतंय ना, मग घेऊन टाका! माझ्या मते या सौद्यात वाचणारं वर्ष ही सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे. सतरा-अठराव्या वर्षी स्वतःला किती बांधून घ्यायची तुमची तयारी आहे, आणि मध्येच मन फिरलं तर हातात काय उरतं, हे आधी तपासायला हवं.

सुरुवात देशापासून करा. अमेरिकेत २००७ पासून थेरपिस्ट होण्यासाठी पदव्युत्तर पातळीचं शिक्षण लागतं. कॅनडातही मास्टर लागते. या देशांत बॅचलरवर थांबलात तर थेरपिस्ट म्हणून नोंदणी होत नाही, आणि म्हणूनच दोन्ही पदव्या एका दोरीत ओवण्याची कल्पना अमेरिकेत रुजली. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, भारत इथली गोष्ट वेगळी. तिथे ऑक्युपेशनल थेरपीची बॅचलर पदवी घेऊन काम सुरू करता येतं, मास्टर ही पुढची निवड. तुम्हाला जिथे काम करायचंय तिथे बॅचलर पुरत असेल, तर 'मास्टर सोबत मिळतेय' याचं वजन निम्म्यावर येतं.

त्यामुळे तुलना दोन नव्हे, तीन वाटांची आहे. पहिली एकत्रित पदवी. दुसरी म्हणजे मानसशास्त्र, जीवशास्त्र अशा कुठल्याही विषयात बॅचलर करून मग ऑक्युपेशनल थेरपीची मास्टर. आणि तिसरी: ऑक्युपेशनल थेरपीतच बॅचलर, काही वर्षं पेशंटबरोबर काम, आणि त्यानंतर एखाद्या शाखेत मास्टर.

इथे एक घोळ हमखास होतो. (दुसरा घोळ 'ओटी' या ऑक्युपेशनल थेरपीच्या लघुरूपाचा. ओटी शिकतेय म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर येतं. पाच वर्षं त्याचीही तयारी ठेवा.) पहिल्या दोन वाटांवरची मास्टर आणि तिसऱ्या वाटेवरची मास्टर या एकाच नावाच्या दोन वेगळ्या पदव्या आहेत. पहिल्या दोन ठिकाणी मास्टर म्हणजे व्यवसायाचं दार उघडणारी पदवी: शरीररचना, न्यूरोसायन्स, कृतीचं विश्लेषण, स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी) बनवणं, मुलांपासून वृद्धांपर्यंत सगळ्यांचे उपचार. सगळ्याची तोंडओळख, एकाही शाखेत खोल नाही. तिसऱ्या वाटेवरची मास्टर हाताचे उपचार, मेंदूविकार, बालविकास अशा एका शाखेत बुडी मारायला लावते, आणि तिथे प्रबंधाचा प्रश्न तुमच्याच पेशंटमधून आलेला असतो. पक्षाघातानंतर एका हातानं शर्टाची बटणं लावायला शिकलेला माणूस घरी गेल्यावर ते करणं का सोडून देतो, हा प्रश्न वर्गात बसून सुचत नाही. संशोधनाची ओढ असेल, तर जिथे नियम परवानगी देतात तिथे तिसरी वाट मला सरस वाटते, वर्षं जास्त लागली तरी.

आता पहिल्या दोन वाटा समोरासमोर ठेवू, कारण खरी ओढाताण तिथे आहे.

प्रवेशात एकत्रित पदवी सरळ जिंकते. दुसऱ्या वाटेवर बॅचलरच्या शेवटच्या वर्षात पुन्हा शर्यत असते. अमेरिकेत बहुतेक अर्ज ओटीकॅस या सामाईक व्यवस्थेतून जातात. त्याच्याआधी अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, संख्याशास्त्र, मनोविकारांचं मानसशास्त्र असे ठरावीक विषय झालेले लागतात. अनेक ठिकाणी थेरपिस्टचं काम पाहिल्याचे तास, शिफारसपत्रं, निबंध हेही मागतात. यातला एखादा विषय राहून गेल्याचं शेवटच्या सेमिस्टरला कळलं, तर वर्ष हातचं जातं. एकत्रित अभ्यासक्रमात ही सगळी पेरणी वेळापत्रकातच केलेली असते.

पण 'जागा राखीव' म्हणजे अटींसह राखीव. व्यावसायिक टप्प्यात, म्हणजे प्रत्यक्ष थेरपीच्या शिक्षणात, जाण्यासाठी ठरावीक जीपीए (गुणांची सरासरी) टिकवावा लागतो, काही विषयांत किमान श्रेणी लागते, काही ठिकाणी मधल्या टप्प्यावर मुलाखतही असते. माहितीपत्रकात हा मजकूर बहुधा बारीक अक्षरांत सापडतो. प्रवेश घेण्याआधी दोनच प्रश्न विचारा: पहिल्या वर्षी घेतलेल्यांपैकी किती जण व्यावसायिक टप्प्यात पोहोचतात, आणि अॅनाटॉमीचा पेपर दुसऱ्यांदा देता येतो का? उत्तर गुळमुळीत आलं, तर तेच उत्तर समजा.

समजा, तिसऱ्या वर्षी लक्षात आलं की हे आपलं काम नव्हे. दुसऱ्या वाटेवर काही बिघडत नाही. मानसशास्त्राची पदवी घ्या आणि समुपदेशन, शिक्षण, मनुष्यबळ, कुठेही वळा. एकत्रित वाटेवर चित्र संस्थेगणिक बदलतं. काही ठिकाणी चौथ्या वर्षाअखेर आरोग्यविज्ञान किंवा तत्सम विषयाची बॅचलर हातात पडते. काही ठिकाणी दोन्ही पदव्या अगदी शेवटी एकदम मिळतात, म्हणजे चार वर्षं घालवून बाहेर पडणाऱ्याला आधी दुसरा विषय जुळवून पदवी पुरी करावी लागते. मधली बॅचलर मिळाली तरी तिच्यावर थेरपिस्ट होता येत नाही, सहायक थेरपिस्टही होता येत नाही, कारण त्याचा अभ्यासक्रम आणि परीक्षा वेगळी. दार कुठे आहे हे माहीत नसलेल्या घरात मी तरी पाच वर्षं राहायला जाणार नाही.

फील्डवर्कमध्ये दोन्ही वाटा सारख्याच कठीण. ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक महासंघाच्या निकषांनुसार किमान १००० तासांचं प्रत्यक्ष शिक्षण लागतं. अमेरिकेत शेवटचा पूर्णवेळ टप्पा किमान २४ आठवड्यांचा असतो, बहुधा १२-१२ आठवडे दोन वेगळ्या ठिकाणी, आणि बहुतेक वेळा विनावेतन. फरक इतकाच की एकत्रित अभ्यासक्रमात चार वर्षांचा मजकूर आधीच दाबून बसवलेला असतो, उन्हाळ्याच्या सुट्ट्याही त्यात जातात. त्या दमछाकीनंतर २४ आठवडे येतात. शिवाय बाविसाव्या वर्षी तुम्ही साठीच्या माणसाला सांगत असता की, आता चमचा असा धरा. हे सांगताना समोरच्याचा अपमान होऊ न देणं ही अर्धी थेरपी आहे. काहींना ते उपजत जमतं. बाकीच्यांना मधली एक-दोन वर्षं कुठेतरी नोकरी केल्याचा, घरातलं आजारपण काढल्याचा फार उपयोग होतो. दुसऱ्या वाटेचा हा फायदा कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिला.

पैशाचा हिशेब सोपा दिसतो: फीचं एक वर्ष कमी आणि पगार एक वर्ष आधी. तो खराही आहे, फक्त त्यात एक खाच आहे. एकत्रित अभ्यासक्रमात तुम्ही कोणत्या सेमिस्टरपासून पदव्युत्तर विद्यार्थी धरले जाता, ते विचारून घ्या. त्या दिवसापासून फीचा दर बदलू शकतो आणि मदतीचे प्रकारही बदलतात. अमेरिकेतलं पेल ग्रँट हे सरकारी अनुदान, उदाहरणार्थ, पहिली बॅचलर पदवी व्हायच्या आधीच्यांसाठी असतं. पाचव्या वर्षाचा खर्च पहिल्या चार वर्षांसारखाच धरून बसलात तर गणित फसेल. दुसऱ्या वाटेवर आणखी एक सोय आहे: बॅचलर स्वस्त सरकारी संस्थेत आणि मास्टर हव्या त्या ठिकाणी. कधी कधी सहा-साडेसहा वर्षांची ही वाट पाच वर्षांच्या खासगी अभ्यासक्रमापेक्षा कमी खर्चाची ठरते.

डॉक्टरेटबद्दल थोडक्यात (ही पीएचडी नव्हे, थेरपिस्ट होण्यासाठीचीच मास्टरच्या वरची पदवी). अमेरिकेत एकदा ती २०२७ पासून सक्तीची करायचं ठरलं होतं. पुढे तो निर्णय मागे पडला, आणि आता मास्टर व डॉक्टरेट दोन्ही प्रवेशमार्ग चालू आहेत. दोघांनाही एनबीसीओटी या राष्ट्रीय प्रमाणन मंडळाची तीच परीक्षा आणि परवानाही तोच. डॉक्टरेटला १४ आठवड्यांचा एक वेगळा प्रकल्प जास्तीचा असतो. शिकवायचं किंवा धोरणाच्या कामात जायचं असेल तर तिचा विचार करा, पेशंटच बघायचे असतील तर मास्टर पुरते. एवढं मात्र पाहा की तुम्ही निवडलेली संस्था मधल्या काळात आपला मास्टर अभ्यासक्रम डॉक्टरेटमध्ये बदलणार तर नाही. काही संस्थांनी तसं केलंय, आणि मग पाच वर्षांची सहा होऊ शकतात.

परवाना मिळाल्यावर तुमची मास्टर एकत्रित होती की वेगळी, याचा पेशंटला पत्ता नसतो आणि पगार देणाराही त्यावरून रक्कम ठरवत नाही. म्हणून संस्थेच्या नावापेक्षा तिला मान्यता आहे का आणि परीक्षेत तिचे किती टक्के विद्यार्थी उत्तीर्ण होतात, हे आकडे आधी काढा. पुढे देश बदलायचा विचार असेल, तर जागतिक महासंघाची मान्यताही बघा.

माझा कौल विचाराल तर असा: एकत्रित पदवी फक्त त्यानं घ्यावी, ज्यानं थेरपिस्टचं काम जवळून पाहिलंय आणि त्यातला कंटाळवाणा भाग पाहूनही जो टिकलाय. नुसतं 'लोकांना मदत करायला आवडतं' एवढ्यावर नाही. ते नर्सलाही आवडतं, शिक्षकालाही. ज्याला हे काम अजून ऐकूनच माहीत आहे, त्यानं दुसरी वाट धरावी, बॅचलरला लागणारे विषय शहाणपणानं निवडून ठेवावेत आणि निर्णय तीन वर्षं पुढे ढकलावा.

आणि अर्ज भरण्याआधी दोन दिवस काढून एखाद्या पुनर्वसन केंद्रात परवानगी घेऊन बसा. पहिला दिवस सगळ्यांनाच आवडतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस तोच मोजा पायात चढवायचा अकराव्यांदा प्रयत्न करत असेल, थेरपिस्ट मदतीचा हात पुढे न करता शेजारी बसून असेल, आणि त्यात पंचवीस मिनिटं जातील. त्या पंचवीस मिनिटांत तुम्ही किती वेळा घड्याळ पाहिलं, ते मोजा.