भोपळे कुजत राहिले, बाटल्या येत राहिल्या

भोपळ्याची फळगळ थांबवणाऱ्या औषधाच्या नावाखाली फसलो. पैशांचा आकडा लिहीत नाही. घरात अजून खरा सांगितलेला नाही आणि हे घरचेही वाचतील. बाकी आकडे जसेच्या तसे देतो: ४ बाटल्या, प्रत्येकी २५० मिली, २६ दिवस, १३ फवारण्या, कुजून गेलेली कोवळी फळं २३. आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासून पोट भरलं, त्या माणसाचा हा हिशेब.

लाल भोपळ्याचे दोन वेल. फळ बोटाएवढं व्हायचं, टोकाकडून पिवळं पडायचं, सुरकुतायचं, मऊ व्हायचं आणि गळायचं. रोज सकाळी एक तरी मेलेलं. मोबाइलवर एकदा शोधलं की जाहिराती कशा मागे लागतात ते काय सांगायचं! ‘फळगळ ७ दिवसांत बंद, नाहीतर पैसे परत.’ खाली नंबर. पुढचा क्रम ओळखीचाच आहे. फुकट सल्ला, मग एक बाटली, मग ‘कोर्स’च्या ३ बाटल्या, मग मातीच्या फोटोवरून माती परीक्षण, मग ‘गॅरंटी नोंदणी’चं वेगळं शुल्क. फोटोवरून माती परीक्षण! हो, त्याचेही भरले.

पण रात्री झोप उडते ती दुसऱ्या दिवशीच्या एका फोटोमुळे. कुजलेल्या फळाचा फोटो मागितला होता. घाईत माझ्याकडून भलताच गेला. त्यात फळच नव्हतं. नर फूल होतं, सरळ बारीक दांड्यावर कोमेजलेलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: ‘काका, फळ आतून सडलंय. कॅल्शियमची तीव्र कमतरता. टेन्शन घेऊ नका.’ मी फोटो उघडला, मोठा करून पाहिला. फळ कुठेच नाही. आणि मला काय वाटलं? तज्ज्ञ आहे, त्याला दिसलं असेल. तिथेच नंबर ब्लॉक करायला हवा होता. मी बाटली मागवली.

नर फूल एक दिवस उमलतं आणि गळतं, तो आजारच नाही. मादी फुलाच्या मागे मात्र पहिल्यापासून इवलासा भोपळा असतो. त्याला परागकण मिळाले नाहीत की तो चार दिवस वाढल्यासारखं दाखवतो आणि कुजतो. वाऱ्याने हे काम होत नाही, पराग जड आणि चिकट असतात, मधमाशी लागते. हे मला आत्याने फोनवर सांगितलं, २६व्या दिवशी. तिने विचारलं, “माश्या येतात का रे फुलांवर? आणि तू फवारतोस कधी?” सकाळी ७ ला, थेट फुलांवर. बाटलीवर तसंच छापलंय. आत्या बराच वेळ काही बोललीच नाही. भोपळ्याचं फूल पहाटे उघडतं आणि दुपारच्या आत मिटतं. नेमक्या त्याच वेळात मी फुलं भिजवत होतो, माश्यांना हाकलत होतो. पैसे मोजून.

मला अगदीच मूर्ख समजू नका. कॅल्शियमचा रोग खरोखर असतो, म्हणून तर पटलं. पण त्यात फळाच्या टोकाला काळपट, खोलगट, चामड्यासारखा डाग पडतो, आणि बहुतेक वेळा मूळ कारण पाण्याचा अनियमितपणा असतो: दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी पूर. कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढतं. पानावर मारलेलं फळापर्यंत फारसं पोचत नाही. अर्ध्या खऱ्या गोष्टीने गळाला लागलो.

आणि हिशेब? एका फवारणीला ५ मिली, एक दिवसाआड. म्हणजे २५० मिलीची एक बाटली १०० दिवस पुरते आणि चारही मिळून ४०० दिवस. इतका वेल जगतो तरी का? १३ फवारण्यांना लागले ६५ मिली. ‘कोर्स अर्धवट सोडू नका काका’ म्हटल्यावर हा गुणाकार मी केला नाही. मी!

तक्रारीचं ऐका. विक्री करणाऱ्या ॲपवाल्यांनी सांगितलं की वस्तू पोचली, आमचं काम संपलं. पैसे पाठवणाऱ्या सेवेने सांगितलं, तुम्हीच स्वखुशीने पाठवलेत. सायबर तक्रारीच्या खिडकीवरच्या साहेबांनी रक्कम ऐकली आणि हसले, वर, “बाटल्या मिळाल्या ना? मग फसवणूक कसली?” शेती खात्याने फोन तीनदा फिरवला आणि शेवटी कळलं की परसबाग त्यांच्या कक्षेत येत नाही. ग्राहक कक्षाने रिकाम्या बाटलीचा पुरावा मागितला. रिकामी कुठून आणू, पहिलीच संपलेली नाही! १९ दिवसांनी मेसेज आला: ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.’ कोणाचं समाधान झालं ते लिहिलेलं नव्हतं.

वेलावर सुरुवातीला नुसती नर फुलं येतात. तेव्हा घाबरून काही विकत घेऊ नका. सकाळी फवारायचं नाही, काहीच नाही. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधल्या गोळ्यावर हलकेच फिरवा. उन्हं चढायच्या आत. मी ३ फुलांना केलं, २ फळं धरली. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्याला संध्याकाळी. नत्राचं खत ओतत बसाल तर पानंच माजतील. सुकलेल्या फुलावर टाचणीच्या डोक्यांसारखी काळी बुरशी दिसली तर ती दमट हवेतली वेगळी भानगड. ते फूल आणि फळ काढून लांब टाका. फळावर डिंकाचा थेंब आणि आत अळ्या असतील तर फळमाशी. फोटो पाहून पाच मिनिटांत एकच कारण सांगणाऱ्याला आधी एखाद्या नर फुलाचा फोटो पाठवून बघा.

तीच बाटली आता नव्या नावाने फिरतेय. पिवळं झाकण, लेबलावर वेलीचं चित्र, आणि आत काय आहे ते कुठेच छापलेलं नाही. माझ्याकडच्या तीन सीलबंद आहेत, माळ्यावर, जुन्या पंख्याच्या मागे.