गूगल पेटंट्स: फुकट आहे, पण वकील नाही

दुकानापाशी पोचताच फोनने आपणहून बिल भागवावं, अशी सोय ॲपमध्ये घालायची म्हटली की ती कल्पना आधीच कुणाच्या नावावर आहे का, हे बघायला मी आधी गूगल पेटंट्स, म्हणजे गूगलची पेटंट शोधायची साइट, उघडतो. पैसे नाहीत, लॉगिन नाही, आणि 'प्रायॉरिटी' तारखेची (म्हणजे त्या कल्पनेसाठी पहिला अर्ज केल्याच्या तारखेची) चाळणी जबरदस्त. पेमेंटच्या पेटंटवादात तारीखच बहुतेक काम करते. स्क्वेअर या अमेरिकी पेमेंट कंपनीने 2011 मध्येच 'कार्ड केस' ॲपमध्ये जिओफेन्स (दुकानाभोवती आखलेली आभासी हद्द) आणून फोन खिशातच ठेवून पैसे द्यायची सोय केली होती. त्यानंतरच्या एखाद्या अर्जात तीच कल्पना 'नवी' म्हणून मांडलेली असेल, तर प्रतिवादीला आयता पुरावा!

सारांश वाचून घाबरू नका. हक्क ठरतो तो 'क्लेम्स'मध्ये, म्हणजे पेटंटमधल्या दाव्यांच्या यादीत, आणि तिथली भाषा भलतीच चिवट. 'लोकेशन' टाकून काही सापडलं नाही तर 'प्रॉक्सिमिटी', 'बीकन' टाकून बघा. खालची 'साइटेड बाय' (या पेटंटचा हवाला देणाऱ्या नंतरच्या पेटंटांची) यादीही उघडाच, प्रतिस्पर्धी बऱ्याचदा तिथेच भेटतात.

उणिवा आहेत. 'ॲक्टिव्ह', म्हणजे पेटंट अजून लागू आहे, हा शिक्का निव्वळ अंदाज असतो, साइट स्वतःच तसं सांगते. नवे अर्ज साधारण 18 महिने प्रसिद्धच होत नाहीत, त्यामुळे ते इथे दिसणार कसे? शिवाय अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या ॲलिस निकालानंतर, जुनाच व्यवहार नुसता कॉम्प्युटरवर चढवलेली पेटंटं अमेरिकी कोर्टात टिकवणं अवघड झालंय. समोरचं पेटंट त्यातलं आहे का, हे कुठलंही सर्च सांगणार नाही.

पाचपैकी चार तारे. पेटंटभंगाची नोटीस हातात पडली असेल तर मात्र थेट वकील गाठा.